वडील गेल्यानंतरची कागदपत्रं: काउंटरवरचा तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. वडील जाऊन चार महिने झालेत, आई गावी सातारा जिल्ह्यात, तुम्ही पुण्यात नोकरीला, भाऊ कॅनडात. बँकेत आई नॉमिनी आहे तरी एफडी देत नाहीत, कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट (वारस असल्याचा दाखला) आणा म्हणतात, वर दोन जामीनदार पण मागतात. गावच्या तलाठी ऑफिसात प्रत्येक वेळी 'पुढच्या आठवड्यात या'. पुण्याच्या फ्लॅटच्या सोसायटीत सेक्रेटरी म्हणतो आधी ट्रान्सफरचे पंचवीस हजार भरा मग फाईल कमिटीपुढे ठेवतो. गावातल्या पतसंस्थेत ठेव आहे तिथे मॅनेजर भेटतच नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की एखाद्या एजंटला एकरकमी पैसे देऊन मोकळं व्हावं का.

नका होऊ. निदान आत्ता तरी नको. मी बरीच वर्षं हेच काम करतोय, वारसनोंदी, सोसायटी ट्रान्सफर, मयत खात्यांचे क्लेम, आणि तुम्ही लिहिलंय त्यातलं निम्म्याहून जास्त काम तुमचं तुम्हाला होण्यासारखं आहे. फक्त एक गोष्ट बदलायला लागेल. आत्तापर्यंत तुम्ही चार ऑफिसात गेलात, चारही ठिकाणी बोललात, आणि चारही ठिकाणी तुम्हाला तोंडी उत्तर मिळालं. म्हणजे कागदावर बघितलं तर तुम्ही अजून कुठेच काही मागितलेलंच नाहीये, आणि कुणी तुम्हाला नाहीही म्हटलेलं नाहीये. तुमचे चार महिने गेले, रजा गेल्या, आईला एसटीने तालुक्याला नेऊन आणून दमवलंत, पण त्या ऑफिसांच्या दप्तरात तुमच्या नावाने एक ओळसुद्धा नाही. हे वाचून राग येईल मला माहितीये, मलाही येतो, दर वेळी येतो, पण कामाला इथूनच सुरुवात होते.

काउंटरवरचा माणूस तोंडी नाही का म्हणतो ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. तो दर वेळी वाईटच असतो असं नाही. त्याला ऑडिटची भीती असते, उद्या तिसरा वारस उभा राहिला तर माझ्यावर येईल ही भीती असते, कधी नियमच माहीत नसतो, कधी मागच्या साहेबांनी असंच केलं म्हणून तेच पुढे चालू. आणि तोंडी नाही म्हणायला त्याला काहीच लागत नाही, सही नाही, तारीख नाही, नाव नाही. तेच नाही लिहून द्यायचं म्हटलं की त्याला नियम शोधावा लागतो, आणि शोधायला गेला की बरेचदा सापडतच नाही, मग काम होतं. म्हणून प्रत्येक ठिकाणी आधी लेखी अर्ज, सोबत जोडलेल्या कागदांची यादी अर्जातच, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही. याला पोच म्हणतात आणि ही पोच हातात आल्याशिवाय ऑफिसातून बाहेर पडायचं नाही. पोच देत नाहीत, साहेब नाहीत म्हणतात, तर वाद घालत बसू नका, त्याच दिवशी तोच अर्ज पोस्टाने पाठवा (रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, डिलिव्हरीचा पुरावा मागून घ्या) आणि ईमेलही करा. तोंडी मागणी केली असेल तर अर्जात एक वाक्य घाला: 'आपल्या कार्यालयाने अमुक तारखेला अमुक कागदपत्राची तोंडी मागणी केली, ती कोणत्या नियमानुसार आहे ते लेखी कळवावे.' या एका वाक्यावर कामं हललेली मी खूप बघितलीत.

आता सगळ्याच्या मुळाशी असलेला कागद, मृत्यू दाखला. तो तुमच्याकडे आहे असं लिहिलंय, छान, पण त्यावरचं नाव, वडिलांचं आधारवरचं नाव, सातबाऱ्यावरचं नाव आणि बँकेतलं नाव ही चारही शेजारी ठेवून एकदा बघा. कुठे दत्तात्रय कुठे दत्तात्रेय, कुठे आजोबांचं नाव मधे आहे कुठे नुसतं आद्याक्षर, गावाकडच्या जुन्या नोंदीत तर नाना, तात्या असली घरातली नावं चढलेली असतात. हे आत्ता नाही बघितलं तर शेवटच्या टेबलावर जाऊन फाईल परत येते. दाखल्यात चूक असेल तर जिथे मृत्यूची नोंद झाली तिथल्या निबंधकाकडून दुरुस्त करून घ्या, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ मध्ये तशी तरतूद आहे. बाकी ठिकाणी दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं आईचं प्रतिज्ञापत्र चालतं. आणि हो, सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं, तरी ऑफिसबाहेर बसलेले लोक पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावतात. पाचशे रुपये तुम्हाला जड नसतील, पण तुमच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या बाईला असतात, म्हणून तरी विचारा की कशासाठी. दाखल्याच्या मूळ प्रती भरपूर काढून ठेवा, प्रत्येक ठिकाणी एक लागते आणि परत मिळेलच असं नाही.

अजून एक, वडिलांचं सिमकार्ड बंद करायची घाई करू नका. त्याच नंबरवर एसआयपी कापल्याचे, पॉलिसीचा हप्ता आल्याचे, कुठल्याशा विसरलेल्या खात्याचे मेसेज येतात, पैसे कुठे कुठे आहेत त्याची यादी त्यातूनच तयार होते. पण वडिलांचं एटीएम कार्ड किंवा यूपीआय वापरून पैसे काढू नका, मृत्यूनंतरचे ते व्यवहार उद्या भावंडांतच संशयाचं कारण होतात आणि बँकेलाही तुम्हाला अडवायला आयतं निमित्त मिळतं. जुनी, दहा वर्षं हात न लावलेली खाती असतील तर रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, २०२३ साली सुरू झालं, तिथे नाव टाकून शोधता येतं.

बँकेचं बघू. इथे तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे आणि इथेच तुम्हाला सगळ्यात जास्त फिरवलंय. आई नॉमिनी आहे. रिझर्व्ह बँकेने २००५ सालीच सगळ्या बँकांना सांगितलंय की खात्यावर नॉमिनी असेल तर त्याच्याकडे सक्सेशन सर्टिफिकेट, प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला), बाँड (हमीपत्र), जामीनदार यातलं काहीही मागायचं नाही, रक्कम कितीही असो. क्लेम फॉर्म, मृत्यू दाखला, नॉमिनीची ओळख, संपलं. सगळे कागद दिल्यापासून १५ दिवसात निकाल लावायचा. हेच सगळं सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने नव्या निर्देशात एकत्र केलं आणि ३१ मार्च २०२६ च्या आत लागू करायला सांगितलं, त्यात आता उशिराची भरपाई पण आहे, ठेवीचा क्लेम बँकेच्या चुकीने लांबला तर बँक रेट (रिझर्व्ह बँकेने ठरवलेला व्याजदर) अधिक ४ टक्के दराने व्याज, आणि लॉकरचा लांबला तर दिवसाला ५००० रुपये. ज्यांच्या खात्यावर नॉमिनी नाही त्यांच्यासाठीही १५ लाखांपर्यंत (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) कोर्टात जायची गरज नाही, वारसांचा क्लेम फॉर्म, बाँड, बाकीच्या वारसांची ना हरकत असं साधं काम आहे. एफडी मुदतीआधी मोडली म्हणून मृत्यूच्या केसमध्ये दंड कापत असतील तर तोही मान्य करू नका.

शाखेत हे तोंडी सांगायला जाऊ नका, पुन्हा तेच होईल. क्लेम फॉर्म भरा, आईची सही, पोच. पंधरा दिवस थांबा. मग बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल, तक्रार क्रमांक घ्या. तीस दिवसात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन तक्रार, त्यांच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर, फी काही नाही, वकील लागत नाही, मराठीतही लिहिता येतं. माझा अनुभव असा की पोच आणि तक्रार क्रमांक दोन्ही असतील तर बरेचदा लोकपालापर्यंत जायची वेळच येत नाही.

एक मात्र घरात आधीच स्पष्ट करून ठेवा. नॉमिनी म्हणजे मालक नाही. बँक पैसे आईच्या हातात देईल, पण कायद्याने ते सगळ्या वारसांचे. सुप्रीम कोर्टाने विम्याबाबत १९८३ मध्ये सरबती देवीच्या केसमध्ये हेच सांगितलं, शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानीच्या केसमध्ये परत तेच. (विम्याचा कायदा २०१५ मध्ये बदलला, त्यात बायको, मुलं, आईवडील नॉमिनी असले तर पैसे त्यांचेच धरतात, तो वेगळा विषय.) तुमच्या घरात वाद नाही असं तुम्ही लिहिलंय, मग भावाशी व्हिडिओ कॉलवर बोलून पैसे आईच्याच नावावर राहू द्यायचे हे ठरवा आणि दोघांनी तसा साधा मेल एकमेकांना पाठवून ठेवा.

पतसंस्था ही बँक नाही, हे खूप लोकांना माहीतच नसतं. तिथे रिझर्व्ह बँकेचा लोकपाल चालत नाही, ५ लाखांचा ठेव विमाही नाही. ती सहकार खात्याच्या हाताखाली येते. मॅनेजर भेटत नाही म्हणता, तर अर्ज संस्थेच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवा आणि त्याची प्रत तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या ऑफिसात देऊन तिथली पोच घ्या. आणि हे काम बाकीच्यांच्या आधी करा. संस्था अडचणीत असेल तर उशिरा जाणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही, ही वेळ म्हाताऱ्या माणसांवर आलेली मी जवळून बघितलीये, आयुष्याची पुंजी असते हो त्यांची.

आता जमीन. यावर जरा जास्त लिहितो कारण खरी फसगत इथे होते.

वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे करायचा, २०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण गावात सगळे तलाठीच म्हणतात. ऑनलाईन करायचा तर ई-हक्क प्रणाली आहे, तिथे घरबसल्या अर्ज टाकता येतो आणि नंबर मिळतो, तुमच्यासारख्या बाहेरगावी राहणाऱ्याला हेच बरं. मृत्यू दाखला, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा), सातबारा, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र एवढं लागतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, त्याचं कलम १४९, त्यात लिहिलंय की वारसाने हक्क मिळाल्याचं तीन महिन्यात कळवायचं, आणि त्याच कलमात पुढे लिहिलंय की तलाठ्याने लगेच लेखी पोच द्यायची. म्हणजे पोच मागणं हा तुमचा आगाऊपणा नाही, ते त्यांच्याच कायद्यात आहे. चार महिने झालेत म्हणून कुणी घाबरवलं तर घाबरू नका, उशीर झाला म्हणून वारसाहक्क जात नाही, लोकांच्या आजोबांची नावं अजून सातबाऱ्यावर आहेत. म्हणून तर २०२५ च्या एप्रिलपासून सरकारला जिवंत सातबारा नावाची मोहीमच राज्यभर राबवायला लागली, आधी बुलढाण्यात सुरू झाली होती.

अर्ज दिल्यावर वारसाची नोंद सहा-क या वारसांच्या नोंदवहीत होते, मग फेरफार (नाव बदलाची नोंद) धरला जातो, संबंधितांना नोटीस निघते, चावडीवर लावतात, हरकतीसाठी १५ दिवस, हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी (सर्कल) फेरफार मंजूर करतात आणि मग सातबाऱ्यावर नावं चढतात. नोटीस आणि फेरफाराची स्थिती 'आपली चावडी' वर ऑनलाईन दिसते, त्यामुळे 'अजून सर्कल साहेबांकडेच आहे' हे खरं का खोटं ते पुण्यात बसून बघता येतं. नावं चढली की डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात काढून घ्या आणि प्रत्येक नावाचं स्पेलिंग, हिस्सा तपासा.

वारस कोण ते आधी नीट धरा. तुम्ही हिंदू वारसा कायद्यात येता असं धरून सांगतो. मृत्युपत्र नसेल तर आई, तुम्ही, भाऊ, आणि वडिलांची आई जिवंत असेल तर तीसुद्धा, सगळे वर्ग एकचे, म्हणजे सगळ्यात आधी हक्क असलेले वारस. आजीचं नाव निम्म्या प्रतिज्ञापत्रात नसतं, कुणी मुद्दाम वगळतं, कुणाला माहीतच नसतं की सुनेइतकाच तिचाही हिस्सा आहे. आजी असेल तर घाला. आणि लग्न झालेल्या लेकीचं नाव लागत नाही असं गावात अजूनही ठासून सांगतात, ते साफ खोटं आहे. या वारसा कायद्याला २००५ ची दुरुस्ती आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, वडील २००५ ला जिवंत होते की नाही याचा संबंध नाही.

तुम्ही लिहिलंय की चुलतभाऊ म्हणतात, आधी तुझं आणि आईचं हक्कसोडपत्र (आपला हिस्सा सोडून दिल्याचा दस्त) करून टाक म्हणजे नोंद पटकन होईल. ताई, इथे थांबा. वारसनोंदीसाठी हक्कसोडपत्र लागत नाही. कधीच लागत नाही. आधी सगळ्यांची नावं लागू देत, मग वर्षभराने, शांत डोक्याने, कुणाला काय सोडायचंय ते सोडा. वडील गेल्याच्या पहिल्या काही महिन्यात बाईमाणसाकडून सही करून घ्यायची घाई का असते हे मी इतक्या घरांमध्ये बघितलंय की मला आता त्याची कारणं ऐकायचीही इच्छा राहिलेली नाही. विशेषतः आईचं नाव काढू नका. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, सगळं मान्य, पण सातबाऱ्यावर आणि फ्लॅटच्या शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव असेपर्यंत तिच्या सहीवाचून घर विकलं जात नाही, आणि साठी-सत्तरीतल्या बाईला याच्याइतका दुसरा आधार कुठलाच कागद देत नाही. हक्कसोडपत्र एकदा नोंदणी झालं की परत फिरवायला दिवाणी कोर्टात जावं लागतं. आणि जर कधी केलंच तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच पाहिजे, नोटरी केलेल्या स्टॅम्प पेपरवर सोडलेला जमिनीचा हक्क कायद्याने सुटत नाही.

फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी ठरली असंही नाही, उलट नाव लागलं नाही म्हणजे मालकी गेली असंही नाही. महसुली नोंद ही जमिनीचा सारा (महसूल) कुणाकडून घ्यायचा यासाठी, मालकीचा वाद दिवाणी कोर्टातच मिटतो, सुप्रीम कोर्टाने हे कितीदा तरी सांगितलंय. पण पीककर्ज, पीकविमा, भूसंपादनाचा मोबदला हे सगळं नाव असलेल्यालाच मिळतं, म्हणून नोंद लवकर व्हायला हवी.

तलाठी ऑफिसात पोच मिळूनही काम हललं नाही तर दोन हत्यारं आहेत. पहिलं, लोक ज्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात तो, २००५ चा. त्यात म्हटलंय की कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. तहसीलदारांना एक अर्ज द्या, 'माझा अमुक तारखेचा अर्ज कलम १० चं उल्लंघन करून प्रलंबित आहे' एवढंच. भाषा सभ्य, आरोप काही नाही. दुसरं माहिती अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा. काम का झालं नाही असं विचारू नका, का चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. असं विचारा: माझ्या अर्जावर आजपर्यंत रोज काय कार्यवाही झाली, तो कुणाकडे किती दिवस होता त्या व्यक्तीचं नाव पदनाम, आणि संबंधित टिपणीची छायांकित प्रत. तीस दिवसांची मुदत असते, नाही मिळालं तर त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. बऱ्याचदा माहिती यायच्या आधी कामच होऊन जातं, कारण त्या कागदावर आता नाव लिहायचं असतं. याशिवाय २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, ज्या सेवा अधिसूचित आहेत त्यांची मुदत, अधिकाऱ्याचं नाव ऑफिसात फलकावर लावलेलं पाहिजे, मुदत टळली तर आधी पहिलं अपील, मग दुसरं, आणि कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड. आपले सरकार पोर्टलवरून अर्ज केलेला असेल तर अपीलही तिथूनच.

पैसे मागितले तर? १०६४ हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर. देऊन टाकलं की सुटलो असं वाटतं पण २०१८ नंतर लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो, नाईलाजाने द्यावी लागली असेल तर सात दिवसात कळवलं तरच सुटका. एजंटचंही तेच, त्याला दिलेल्या एकरकमी रकमेतला किती भाग कुठे जातो हे तुम्हाला कधीच कळत नाही, आणि तुमच्या आईच्या सहीचे कोरे कागद त्याच्या बॅगेत राहतात. कोऱ्या कागदावर, कोऱ्या फॉर्मवर सही नाही, कुणाच्याही सांगण्यावरून नाही, हे आईला फोन करून आजच सांगा.

सोसायटी. सेक्रेटरी जे पंचवीस हजार मागतोय तो प्रीमियम आहे, तो फ्लॅट विकताना लागतो आणि महापालिका हद्दीत जास्तीत जास्त तेवढाच घेता येतो. वारसाच्या किंवा नॉमिनीच्या नावावर होताना प्रीमियम घेताच येत नाही, आदर्श उपविधीतच (सोसायट्यांच्या नमुना नियमांतच) आहे, ट्रान्सफर फी ५०० रुपये आणि प्रवेश फी एवढंच. वडिलांनी नॉमिनेशन कुणाचं केलं होतं ते सोसायटीच्या रजिस्टरला बघायची लेखी मागणी करा. नॉमिनी असेल तर २०१९ च्या दुरुस्तीने सहकारी संस्था कायद्यात आलेल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे सोसायटी त्याला तात्पुरता सदस्य करून घेते, पक्कं सभासदत्व कायदेशीर वारसांना. नॉमिनी नसेल तर सोसायटी पेपरात नोटीस देऊन हरकती मागवते आणि मग बाँडवर नाव लावते, किंवा तुम्ही तिघांनी कौटुंबिक व्यवस्थेचा लेख करून दिला तर तोही चालतो. पाच कोटींचा फ्लॅट असो की पाच लाखांचा, नियम हाच. ऐकत नसतील तर शहरातल्या उपनिबंधकांकडे तक्रार. इथे एक सांगतो, शेजारीपाजारी राहायचंय म्हणून लोक गप्प पैसे भरतात आणि मग पुढच्या प्रत्येक विधवेकडून तेवढेच मागायची प्रथा पडते. भरू नका.

विजेचं नाव बदलणं या सगळ्यात किरकोळ. सोसायटीचं पत्र किंवा गावात आठ-अ, घरपट्टीचा उतारा आला की ऑनलाईन अर्ज होतो. तोपर्यंत वडिलांच्या नावाचं बिल भरत राहा, त्याने काही बिघडत नाही. अडवणूक झालीच तर वीज कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. गाडी होती का ते तुम्ही लिहिलं नाहीये. असेल तर आरटीओला मृत्यूचं तीस दिवसात कळवायचं असतं आणि तीन महिन्यात नावावर करायला अर्ज करायचा असतो, ते दोन्ही टळलंय, आता लवकर करा, आणि तोवर ती गाडी कुणाला चालवायला देऊ नका, अपघात झाला तर विमा कंपनी तोच मुद्दा काढून बसेल.

राहिला भाऊ. तो कॅनडातून दर सहीसाठी येऊ शकत नाही आणि 'मुलगा समोर पाहिजे' हे वाक्य तुम्हाला ठिकठिकाणी ऐकायला मिळेल. त्याने तिथे मुखत्यारपत्र (आपल्या वतीने सही करायचा अधिकार देणारा कागद) करायचं, तुमच्या किंवा आईच्या नावाने, पण सरसकट सगळे अधिकार देणारं नको, कामं मोजून लिहिलेलं हवं: वारसनोंदीत सही, सोसायटीत अर्ज, अमुक बँकेत ना हरकत. विक्रीचा अधिकार घालू नका, गरज नाही आणि उगाच शंका निर्माण होतात. ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून घेता येतं, किंवा तिथे नोटरी करून अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का), कॅनडा जानेवारी २०२४ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. मूळ कागद कुरिअरने मागवा, स्कॅन चालत नाही. आणि तो महाराष्ट्रात पोचल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या ऑफिसात नेऊन त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या, कुरिअरचं पाकीट तारखेचा पुरावा म्हणून जपून ठेवा. हे राहिलं तर ऐनवेळी तो कागद पुराव्यात धरत नाहीत आणि भावाला परत सगळं पहिल्यापासून करायला लागतं. त्याला आज रात्रीच सांगा, कारण तिकडची अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, आणि तोवर बँकेचा क्लेम आणि ई-हक्कवरचा अर्ज हे दोन तुम्ही या आठवड्यात टाकू शकता, त्याला भावाचं मुखत्यारपत्र लागत नाही.